परसदार: दारची ब्राह्मी

ब्राह्मी ह्या नांवाला आपल्या घरांत मोठा मान आहे. मुलाचें पाठांतर होईना, परीक्षा तोंडावर आली, आजोबांना रात्रीं झोंप लागेनाशी झाली किंवा लेकीचे केस गळूं लागले, कीं घरांतील वडील माणसांच्या तोंडी पहिलें नांव येतें तें ब्राह्मीचें. परंतु ज्या वनस्पतीचें नांव आपण इतक्या विश्वासानें घेतों, ती आपल्यापैकीं किती जणांनीं जमिनींत वाढतांना पाहिलेली असते? बाटलीवरील चित्र आणि बाजारांतील जुडी ह्यांपलीकडे बहुधा आपली तिच्याशीं ओळख नसते. ह्या महिन्यांत ती ओळख करून देण्याचा आमचा विचार आहे. कारण ब्राह्मी घरीं लावणें जितकें सोपें, तितकेंच ती ओळखण्यांत फसणेंही सोपें आहे. आणि जी वस्तु लेंकराच्या मुखांत जावयाची, तिच्या बाबतींत फसून चालत नाहीं.

दोन वर्षांपूर्वींची आमच्याच घरची गोष्ट. धाकट्या पुतण्याची शालान्त परीक्षा जवळ आली होती. थोरल्या काकूंनीं बाजारांतून ब्राह्मीची एक मोठी जुडी आणविली आणि पाला वाटून त्याचा रस काढावयास घेतला. इतक्यांत धाकटी सून तेथें आली. तिचें माहेर कारवारच्याही खालीं, कुमठ्याकडलें. तिनें एक काडी उचलून पाहिली व हळूच म्हणाली, "काकू, आमच्याकडली ब्राह्मी अशी नसते. कानडींत तिला ओंदेलगा म्हणतात. एका देंठाला एकच गोल पान असतें. हें पान तर बारीक आणि मांसल आहे."

काकूंना तें रुचलें नाहीं. "अगं, चाळीस वर्षें मी ह्या घरांत ब्राह्मीचें तेल करतें आहें. मला का ब्राह्मी ओळखतां येत नाहीं?"

"तसें नव्हे, काकू. तुम्ही तेलाला घेतां ती गोल पानांचीच असते. ही जुडी आज नवीन बाईकडून आली, म्हणून विचारलें."

दोघी वाद घालीत असतां आमचें लक्ष जुडीच्या मुळांकडे गेलें. मुळांना काळा चिखल लागलेला होता आणि त्याला मोरीचा वास येत होता. दुसऱ्या दिवशीं त्या विकणाऱ्या बाईला विचारलें, तेव्हां तिनें कांहींएक न लपवितां सांगितलें कीं, पाला गांवाबाहेरच्या ओढ्याच्या कांठचा आहे. सगळ्या वस्तीचें सांडपाणी त्याच ओढ्याला मिळतें, हें आम्हांला पूर्ण ठाऊक होतें. तिचा यांत दोष नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचें तिनें खरें उत्तर दिलें. प्रश्न मात्र आम्हीं उशिरां विचारला. पाला कचऱ्यांत गेला, रस मोरींत गेला, आणि पुतण्या त्यावांचूनच परीक्षा उत्तीर्ण झाला. घरांत स्वतःची ब्राह्मी लावावयाची, हा निश्चय मात्र त्या दिवशीं झाला.

आतां त्या वादाचा निकाल. काकू आणि सूनबाई दोघींचेंही म्हणणें खरें होतें. कारण ब्राह्मी ह्या एकाच नांवाखालीं दोन अगदीं निराळ्या वनस्पती चालतात. पहिली मंडूकपर्णी. महाराष्ट्रांत तिला कारिवणाही म्हणतात. शास्त्रीय नांव सेंटेला एशियाटिका. ही धने, गाजर आणि ओवा ह्यांच्या कुळांतील. हिच्या दोरीसारख्या बारीक फांद्या जमिनीवर सरपटत जातात, आणि प्रत्येक पेराशीं खालीं मुळें व वर पानें फुटतात. पान वृक्काच्या आकाराचें, म्हणजे गोलसर व देंठाकडे खांचलेलें असून त्याच्या कडेला बोथट दांते असतात. फुलें इतकीं बारीक कीं तीं शोधावींच लागतात. दुसरी जलब्राह्मी, शास्त्रीय नांव बाकोपा मोनिएरी. हीही सरपटते, परंतु हिचीं पानें लहान, जाडसर, बिनदेंठाचीं आणि समोरासमोर जोडीनें येणारीं असतात. फूल पांच पाकळ्यांचें, पांढरें किंवा फिकट जांभळें असतें. पान चावून पाहिल्यास तें चांगलेंच कडू लागतें.

केरळांत ब्राह्मी म्हणजे ही दुसरी जलब्राह्मी. आपल्याकडे आणि उत्तरेंत पुष्कळ ठिकाणीं पहिलीलाच ब्राह्मी म्हणतात. चरकसंहितेंतील रसायनप्रकरणांत बुद्धीला हितकर अशीं जीं चार रसायनें सांगितलीं आहेत, त्यांत ज्येष्ठमध, गुळवेल व शंखपुष्पी ह्यांच्याबरोबर मंडूकपर्णीचा स्वरस आहे. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशांत मात्र ब्राह्मी म्हणजे बाकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला असा स्पष्ट भेद केलेला आहे. तेव्हां एक खरी व दुसरी खोटी असें म्हणण्याचें कारण नाहीं. दोन्ही मानाच्या आहेत. परंतु वैद्यानें एक सांगितली असतां दुसरी देऊं नये.

खरी फसगत तिसऱ्याच वनस्पतींमुळें होते. रोपवाटिकांतून हल्लीं शोभेचें एक झाड ब्राह्मी म्हणून सर्रास दिलें जातें. त्याचें पान नाण्यासारखें गोल व तुकतुकीत असतें, आणि देंठ पानाच्या मधोमध, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असतो. हें हायड्रोकॉटिली, मंडूकपर्णी नव्हे. मंडूकपर्णीचा देंठ पानाच्या कडेच्या खांचेंतच जोडलेला असतो. एवढी एक खूण लक्षांत ठेवली तरी निम्मी फसगत टळेल. ह्या दोहोंचें साम्य असें आहे कीं, १७५३ सालीं खुद्द लिनियसनें मंडूकपर्णीला हायड्रोकॉटिलीच्याच गणांत घातलें होतें. १८७९ मध्यें अर्बन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें तिला सेंटेला गणांत नेलें. मग रोपवाटिकेंतील माळ्याला काय बोल लावावा? उंदीरकानी नांवाची आणखी एक सरपटणारी वेल पानांवरून अशीच भुलविते. परंतु तिला पिवळीं, कर्ण्याच्या आकाराचीं फुलें येतात. म्हणून संशय असेल तर फूल येईपर्यंत थांबावें आणि तोंवर एकही पान पोटांत घेऊं नये.

आतां कोणी म्हणेल, ओळख पटली म्हणजे बाजारची जुडी घेण्यास काय हरकत? हरकत पाण्याची आहे. ह्या दोन्ही वनस्पती ओलाव्याच्या. नदीनाल्यांचे कांठ, तळ्यांची दलदल, मोऱ्यांचीं तोंडें अशा जागीं त्या आपसुक वाढतात, आणि तेथील पाण्यांत जें असेल तें शोषून घेतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति-संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं जलब्राह्मीवर केलेल्या प्रयोगांत ही वनस्पति कॅडमियमसारख्या विषारी धातु पाण्यांतून ओढून आपल्या अंगांत सांठविते असें दिसून आलें. दूषित पाणी निर्मळ करण्याच्या दृष्टीनें हा तिचा मोठाच गुण. परंतु तीच पानें वाटून मुलाला पाजलीं तर त्या गुणाचें काय होतें हें निराळें सांगावयास नको. सांडपाण्यांतील रोगजंतूंची भीति तर आहेच. धुण्यानें जंतु थोडेबहुत जातील. पानाच्या आंत शिरलेली धातु धुवून जात नाहीं. जिला कोणतें पाणी घातलें हें आपल्याला नक्की ठाऊक आहे अशी ब्राह्मी एकच, आणि ती म्हणजे आपल्या दारची.

ती लावण्यास अंगणच हवें असें नाहीं. सज्जांतील हातभर जागाही पुरते. मंडूकपर्णीचीं मुळें फार खोल जात नाहींत. म्हणून उंच कुंडीपेक्षां वीतभर खोलीचें पसरट भांडें बरें. जुनें घमेलें घेऊन त्याच्या तळाला पांच-सहा भोकें पाडलीं तरी काम भागतें. दोन भाग बागेची माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत आणि एक भाग जाड वाळू एकत्र करून तें भरावें. बियांच्या भरीस पडूं नये. ओळखीच्या घरून दोन-तीन पेरांची सरपटणारी फांदी मागून आणावी. ती मातीवर आडवी ठेवून पेरें हलकेच दाबावीं, आणि तीं उचलून येऊं नयेत म्हणून केसांच्या आंकड्यानें खिळवावीं. आमच्या घरीं ह्या कामासाठीं सूनबाईंच्या डबींतील किती आंकडे नाहींसे झाले, ह्याचा हिशेब अजून व्हावयाचा आहे. पहिले आठ-दहा दिवस भांडें सावलींत ठेवावें. सुमारें पंधरवड्यांत मुळें धरतात आणि दोन-तीन महिन्यांत भांड्याचें तोंड हिरवें होतें. लावणीस उत्तम काळ ज्येष्ठ-आषाढाचा. पावसाळी हवेंत फांदी सहसा दगा देत नाहीं.

ऊन किती द्यावें हें वेल स्वतःच सांगते. सकाळचें दोन-तीन तास कोंवळें ऊन आणि पुढें सावली तिला मानवते. ऊन फार झालें कीं पानें लहान राहतात, कडांना तांबूस किंवा पिवळीं होतात. सावली फार झाली कीं देंठ लांब व अशक्त होतात आणि पानें पातळ पडतात. पाण्याची परीक्षा बोटानें करावी. बोट एका पेराइतकें मातींत घालावें. ओल लागली तर पाणी नको, कोरडें लागलें तर तत्काळ द्यावें. तांदूळ किंवा डाळ धुतलेलें पाणी चालतें. साबणाचें किंवा मोरीचें पाणी कधींही घालूं नये, नाहींतर एवढा खटाटोप कशासाठीं केला? वैशाखांत देशावरची कोरडी हवा तिला सोसत नाहीं. त्या दिवसांत भांडें मोठ्या झाडांच्या सावलींत हलवावें आणि सकाळ-संध्याकाळ मातीची ओल पाहावी. एकदां सुकलेली वेल पाणी मिळतांच बहुधा सांवरते. परंतु तिची अशी परीक्षा वारंवार घेऊं नये. दर दीड महिन्यानें मूठभर कुजलेलें खत वरून पसरावें. पावसाळ्यांत रात्रीं गोगलगाई पानें कुरतडतात. त्या दिवा घेऊन हातानेंच वेंचाव्यात. जें खावयाचें त्यावर कीटकनाशक औषध फवारूं नये, हें सांगणें नलगे. वर्ष-दीड वर्षानें भांड्याच्या मध्यभागीं टक्कल पडतें, कारण वेलीची धांव नेहमीं बाहेरच्या बाजूस असते. अशा वेळीं सर्व उपटून, कडेच्या तरुण फांद्या नव्या मातींत पुन्हां लावाव्यात.

अंगण असेल तर अनंताच्या किंवा दुसऱ्या एखाद्या सावली देणाऱ्या झाडाच्या बुंध्याभोंवतीं ही वेल सोडावी. माती झांकली जाते, ओल टिकते आणि तणाला जागा उरत नाहीं. परंतु ह्या बाबतींत आमच्याकडून घडलेला एक प्रमाद सांगितलाच पाहिजे. शोभेच्या मोहानें आम्हीं तिच्या चार फांद्या तुळशीवृंदावनांतही लावल्या. चारी बाजूंनीं हिरवी झालर फार सुंदर दिसली. मात्र तुळशीला दोन पाण्यांच्या मध्यें माती थोडी सुकलेली लागते, आणि हिला ती सदैव ओली लागते. आम्हीं झालरीकडे पाहून पाणी घालीत गेलों. भाद्रपदांत तुळशीचीं पानें गळलीं. उपटून पाहिलें तों मुळें कुजलेलीं. काकू आम्हांला एक शब्दही बोलल्या नाहींत. संध्याकाळीं त्यांनीं नित्याप्रमाणें त्या रिकाम्या वृंदावनापुढें दिवा लावला. त्याहून मोठी शिक्षा आम्हांला अद्यापि झालेली नाहीं. तुळशीच्या मातींत ब्राह्मी लावूं नये. दोघींना शेजार चालेल, एकत्र संसार चालणार नाहीं.

जलब्राह्मी लावावयाची असल्यास रीत थोडी निराळी आहे. तिला ऊन अधिक लागतें, आणि मुळांशीं चिखल लागतो. भोंक नसलेलें पसरट भांडें जवळजवळ कांठापर्यंत मातीनें भरावें, चार बोटें लांबीच्या काड्या त्यांत खोंचाव्यात, आणि माती नेहमीं चिखलासारखी राहील एवढें पाणी द्यावें. वर पाणी साचूं देऊं नये. डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ, सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडूं लागते. म्हणून भांड्यावर पाण्याचा थर आलाच तर आठवडा पुरा होण्यापूर्वीं तो ओतून टाकावा. बुद्धीच्या औषधापायीं घरांत ज्वर आणणें हें शहाणपणाचें नव्हे.

पानें काढतांना ओरबाडूं नयेत; कातरीनें देंठासह कापावीं आणि निम्मी वेल तरी शिल्लक ठेवावी. घरचीं असलीं तरी तीन पाण्यांनीं धुवावीं. मंडूकपर्णीचा आम्हांला सर्वांत आवडलेला उपयोग औषधाचा नसून जेवणांतला आहे, आणि तो आम्हीं सूनबाईंकडून शिकलों. चार-पांच माणसांसाठीं मूठभर पानें जिरें व दोन-चार मिऱ्यांसह तुपावर किंचित परतावीं, ओल्या खोबऱ्याबरोबर वाटावीं, ताकांत कालवावीं, मीठ घालावें आणि वरून फोडणी द्यावी. हीच तिकडची तंबुळी. उन्हाळ्यांत गरम भाताबरोबर ती इतकी गोड लागते कीं, काकूंनीं पहिल्या दिवशीं केवळ चव पाहण्यासाठीं म्हणून तीन वेळां वाढून घेतली. तेल करावयाचें झाल्यास जुन्या वैद्यकाचें प्रमाण वाटलेला पाला एक भाग, तेल चार भाग व रस किंवा काढा सोळा भाग असें आहे. मंद आंचेवर पाण्याचा अंश सर्व आटेपर्यंत तें शिजवावें, कारण ओल राहिलेलें तेल लौकर बिघडतें. अशा तेलानें डोकें शांत वाटतें, एवढें आम्ही अनुभवानें सांगूं. केस गुडघ्यापर्यंत वाढतात असें आम्ही सांगणार नाहीं.

पोटांत घेण्याच्या औषधासंबंधीं मात्र सावधपणें लिहिणें आमचें कर्तव्य आहे. जलब्राह्मीचा अर्क निरोगी प्रौढांना सुमारें बारा आठवडे नियमानें देऊन ज्या चांचण्या झाल्या, त्यांतील कांहींत स्मरणशक्तीला थोडा लाभ झाल्याचें आढळलें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं चमचाभर रस पाजल्यानें अभ्यास होतो, असें ना जुन्या शास्त्रांत आहे ना नव्या. उलट अति सेवनानें अपाय होऊं शकतो. मंडूकपर्णीच्या गोळ्या कांहीं आठवडे घेणाऱ्या तीन स्त्रियांना यकृताचा विकार जडल्याची हकीकत अर्जेंटिनांतील डॉक्टरांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केली; गोळ्या बंद केल्यावर त्या बऱ्या झाल्या. आठवड्यांतून एकदां केलेल्या तंबुळीला हें लागू नाहीं. परंतु गर्भवती स्त्रिया, लहान मुलें, यकृताचे रोगी आणि नित्य दुसरें औषध घेणारीं माणसें ह्यांना वैद्य किंवा डॉक्टर ह्यांच्या सल्ल्यावांचून रस देऊं नये. घरचें आणि पाल्याचें म्हणून तें निरुपद्रवी, हा समज सोडला पाहिजे.

असो. आज आमच्या सज्जांत दोन भांडीं शेजारीं शेजारीं आहेत. एकांत काकूंची गोल पानांची आणि दुसऱ्यांत जिच्यावरून वाद झाला ती. दोन्ही भांड्यांवर सूनबाईंनीं खडूनें नांवें लिहिलीं आहेत, आणि पावसानें तीं पुसलीं कीं काकू स्वतः पुन्हां लिहवून घेतात. रिकाम्या वृंदावनांत नवी तुळस लागली आहे. गेल्या संक्रांतीला काकूंनीं बाजारचें वाण आणूं दिलें नाहीं. पौषाच्या आरंभींच त्यांनीं करवंट्यांना भोकें पाडवून त्यांत कारिवण्याच्या फांद्या लावून ठेवल्या होत्या, आणि त्या दिवशीं घरीं आलेल्या प्रत्येकीच्या हातीं, सधवा-विधवा न पाहतां, एक एक करवंटी दिली. देतांना त्यांनीं औषधी गुणांचें व्याख्यान केलें नाहीं. पान उलटें करून देंठ कोठें जोडला आहे तें बोटानें दाखविलें, आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, "हिला पाणी कुठलें घालशील?"